राखीव डोंगरावरचा वरवंटा

"एवढ्या मोठ्या डोंगरातला एक दगड उचलला, तर डोंगराचं काय बिघडतं?" दमयंतीबाईंनी विचारलं. डॉक्टर हरिहर रुमालाने घाम पुसत होते, कारण दगड आधीच बाईंच्या पिशवीत गेला होता.

शुक्रवारची सकाळ होती. सौदीतल्या अभा शहरापासून तासाभरावरची ती राखीव डोंगरधार. एका अंगाला अरारची जुनाट, गाठाळ झाडं, दुसऱ्या अंगाला सरळ तुटलेला कडा. खालच्या तिहामाच्या किनारपट्टीतून धुकं वर चढू लागलं की बाईंना आपला घाटमाथा आठवे. पायवाटेच्या तोंडाशी भला मोठा फलक होता. झाड तोडू नये, फूल खुडू नये, माकडांना खायला घालू नये, दगड हलवू नये.

"दगड हलवू नये? त्याला काय मुळं असतात?"

"अगं, त्याच्याखाली किडे राहतात, सरडे राहतात, विंचू राहतात. त्यांचं घर असतं ते."

"मी उचलला तेव्हा खाली कुणीही नव्हतं. रिकामं घर होतं." बाईंनी अबाया सावरली. "आणि तिकडे बघा. ओल्या फांद्या तोडून कुणी कोंबड्या भाजून गेलंय. झुडपाझुडपाला प्लास्टिकच्या पिशव्या लटकल्यात. त्या मी गोळा करते दर वेळी, वाकून वाकून. त्या लोकांना कुणी विचारत नाही. माझा वीतभर दगड तेवढा सगळ्यांच्या डोळ्यांत येतो!"

डॉक्टरांनी गाडी सुरू केली.

बाईंच्या या संतापामागे दोन वर्षांचा इतिहास होता. मिक्सरमधली चटणी त्यांना चटणी वाटत नसे. ते नुसतं रंगीत पाणी, असं त्यांचं मत. म्हणून इमारतीच्या कामावरचा गवंडी बाळाराम, राजापूरचा, याच्याकडून त्यांनी ग्रॅनाइटचा उरलेला तुकडा मिळवला. बाळारामाने त्याला टाकी लावून सुरेख पाटा करून दिला. वरवंटा त्या पुढच्या सुट्टीत गावाहून आणणार होत्या. मुंबईच्या विमानतळावर बॅग काट्यावर चढली, डॉक्टरांनी आकडा पाहिला आणि वरवंटा काढून पोचवायला आलेल्या धाकट्या भावाच्या हातात दिला. तो वरवंटा आता जाऊबाईंच्या दाराला टेकू म्हणून उभा असतो. इकडे पाटा मात्र बोहल्यावर एकटीच बसलेल्या नवरीसारखा ओट्यावर वाट पाहत राहिला.

आणि त्या शुक्रवारी, पायवाटेवरून चार पावलं खाली, गवतात तो दगड दिसला. लांबट, दोन्ही टोकांना गोल. हातात घेतल्याबरोबर तळव्याला ओळखीचा लागला. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. धुक्यामुळे डॉक्टरांना ते दिसलं नाही, त्यांना फक्त पिशवी जड झालेली दिसली.

पुढचे तीन आठवडे त्या घरात आनंद होता. लसूण, लाल मिरची, सुकं खोबरं, मीठ. पाट्यावरचा तो घरघर आवाज ऐकून शेजारची नर्स अनिता चमचा घेऊनच आली.

"काकू, ही चटणी तुम्ही इथं वाटलीत? खरं सांगा, पार्सल आलंय ना गावाहून?"

"पार्सल कसलं! वरवंटा मिळालाय मला."

"कुठल्या दुकानात? मलाही हवा."

बाईंनी खरं ते सांगितलं. खोटं बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता. शिवाय आपण काही चूक केली आहे असं त्यांना अजिबात वाटत नव्हतं.

अनिता सरळ मुलगी. पुढच्या शुक्रवारी ती नवऱ्याला घेऊन डोंगरावर गेली, अर्धा तास गवतात शोधलं, आणि काही सापडेना तेव्हा राखणदार यह्याकडेच गेली. हाडांच्या डॉक्टर हरिहरांच्या मॅडमनी नेला तसला दगड नक्की कुठल्या बाजूला मिळतो, असं तिने मोडक्यातोडक्या अरबीत, हातवारे करत, फार अदबीने विचारलं.

यह्याही अदबीचा माणूस. तो हॉस्पिटलात आला, नंबर घेतला, दीड तास बाकावर बसला आणि पाळी आल्यावर आत गेला.

"कुठे त्रास होतो?" डॉक्टरांनी अरबीत विचारलं.

"दगडाचा."

"ते डॉक्टर वरच्या मजल्यावर."

"नाही डॉक्टर. दगड तुमच्या घरी आहे."

डॉक्टर तसेच घरी आले. बाई पाट्यावर बसलेल्या होत्या.

"उठ. तो दगड परत द्यायचाय, आत्ता. यह्या खाली गाडीत बसलाय."

"चटणी अर्धी वाटून झालीय."

"दमयंती, माझा इकामा पुढच्या महिन्यात रिन्यू व्हायचाय! इथं राहायचा परवानाच गेला तर?"

"वरवंट्यावरून कुणी इकामा काढून घेतल्याचं ऐकलंय का तुम्ही?"

"ऐकलेलं नाही. आपल्यावरून ऐकायला मिळावं असंही मला वाटत नाही."

"अठरा वर्षं या लोकांची हाडं जुळवताय तुम्ही. त्या बदल्यात एक दगड द्यायला नको यांनी?"

खाली हॉर्न वाजला. "यल्ला, यल्ला," डॉक्टर स्वतःलाच म्हणाले. बाईंनी दगड नळाखाली धरला, पंच्याने पुसला आणि कडेवर मूल घ्यावं तसा घेऊन जिना उतरल्या. गाडीत त्यांनी तो मांडीवर घट्ट धरून ठेवला. ते पाहून यह्याने रेडिओ बंद केला.

राखीव रानाच्या कचेरीत पांढऱ्या दाढीचे मुदीर, म्हणजे तिथले प्रमुख, बसले होते. डॉक्टरांनी माफीचं भाषण पाठ केलं होतं. ते सुरू करणार, एवढ्यात मुदीरांनी दगड उचलला, उजेडाकडे धरला, टोकांवरून अंगठा फिरवला आणि खुर्चीतून उठलेच. मग यह्याशी आणि डॉक्टरांशी ते एकदमच बोलू लागले.

"काय म्हणतायत? किती दंड?" बाईंनी विचारलं.

"दंड नाही." डॉक्टर गोंधळले होते. "ते म्हणतात, हा नुसता दगड नाहीच. धारेच्या खाली ओसाड पडलेलं गाव आहे ना, पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांचं? तिथल्या बायकांचा आहे हा, वाटायचा. दोन-अडीचशे वर्षांचा असेल म्हणतात. इतकी वर्षं शोधत होते, एकही धड सापडला नव्हता. तुझे आभार मानतायत."

बाई खूश होतील असं डॉक्टरांना वाटलं होतं. पण त्या आणखीनच भडकल्या.

"म्हणजे वरवंटाच आहे! मी पहिल्या दिवसापासून काय सांगत होते? मग बाईचा वरवंटा बाईच्या हातात राहू दे की!"

"तो काचेच्या कपाटात ठेवणार आहेत."

"वरवंटा? काचेत? बसून राहायला?"

याचं भाषांतर डॉक्टरांनी केलं नाही. ते म्हणाले, मॅडमना फार अभिमान वाटतो आहे.

तीन महिन्यांनी कपाटाच्या उद्घाटनाचं आमंत्रण आलं. इकामा रिन्यू झालेला होता, त्यामुळे डॉक्टर नव्या शर्टात होते. काचेमागे, हिरव्या मखमलीवर, दिव्याखाली तो दगड पडून होता. खाली इंग्रजीत चिठ्ठी. बाईंचा चष्मा घरी राहिला होता, म्हणून डॉक्टर मराठी करून वाचू लागले.

"'डोंगरगावातील वाटण्याचा दगड. तज्ज्ञांनी तपासला असता त्याच्या बारीक छिद्रांत...'" डॉक्टर थांबले. त्यांनी चिठ्ठी पुन्हा मनात वाचली.

"छिद्रांत काय?"

"'छिद्रांत लसूण, लाल मिरची आणि एका अनोळखी तेलकट फळाचे अंश अद्याप सुस्थितीत आढळले. यावरून इथल्या जुन्या स्त्रियांच्या आहाराची नवी माहिती मिळते.'"

बाई काचेजवळ सरकल्या.

"अनोळखी?" बाई म्हणाल्या. "खोबरं ओळखता येत नाही यांना?"

"हळू बोल. दमयंती, हे सांगायला हवं आपण. उद्या कुणी यावर पुस्तक लिहील."

"सांगा की. काय सांगाल?"

"की ही चटणी तुझी आहे."

"म्हणजे डॉक्टर हरिहरांच्या बायकोनं दगड नीट न धुता परत दिला, हे या सगळ्यांसमोर सांगणार तुम्ही? एवढ्या माणसांत? अनितासुद्धा आलीय!"

डॉक्टरांनी चिठ्ठीकडे पाठ केली. तेवढ्यात यह्या काहव्याचे छोटे पेले घेऊन आला. त्याने अदबीने विचारलं की दगड मॅडमनीच शोधला, त्यांना असल्या दगडांची जाणही आहे. तर तो वापरणारी जुनी बाई कशी असेल, असं त्यांना वाटतं?

बाईंनी पेला घेतला, काचेकडे एकदा रागाने पाहिलं.

"सांगा त्याला," त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "हाताला चव होती बाईच्या. पण घासायला-धुवायला फार आळशी."