काजळी जळेपर्यंत

"मी जाईन, पण माझं इंजिन राहील!" असं टर्बोशेठ ऑफिसात छातीठोकपणे सांगायचे.

टर्बोशेठ हे नाव सहकाऱ्यांनीच ठेवलेलं. गाडी टर्बो डिझेल आणि चहाच्या सुट्टीत विषय तोच! इंजिन गार असताना अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा नाही, तेल मुदतीच्या आधी बदलायचं, एअर फिल्टर कसा चष्म्याच्या काचेसारखा लख्ख हवा. स्वतःचं ब्लडप्रेशर त्यांनी कधी तपासलं नव्हतं, पण इंजिनातलं तेल रोज सकाळी बघायचे. आणि गाडी चालवायचे ती अशी, की जणू मागच्या सीटवर अंड्यांचा ट्रे ठेवलाय. घर ते ऑफिस, ऑफिस ते घर. बस्स!

त्या दिवशी मागच्या सीटवर सासूबाई होत्या. लेकीकडचा दीड महिन्याचा मुक्काम आटोपून ट्रेनने परत निघालेल्या. तिकडे सासरे एकटे. "चहात साखर आधी घालायची की पाणी?" असं ते फोनवर विचारू लागले होते. तेव्हा ट्रेन चुकून चालणार नव्हतं. टर्बोशेठना तर मुळीच चालणार नव्हतं! आदल्या रात्री जेवताना सासूबाई म्हणाल्या होत्या, "जावईबापू, तुमची गाडी पिठाच्या गिरणीसारखी वाजते हो!" तेव्हापासून टर्बोशेठ तोंड मिटून होते.

स्टेशनचा फाटा दिसू लागला आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा पेटला. धुराचा फिल्टर काजळीने गच्च भरला होता! ती काजळी जाळायची तर गाडी मोकळ्या रस्त्यावर सलग पळवायला हवी. आणि जपण्याच्या नादात त्यांनी तिला कधी पळूच दिलं नव्हतं. आता बंद केली तर? फिल्टर चोंदेल, इंजिन लंगडं होईल, ऑफिसात तोंड कसं दाखवायचं?

ट्रेनला पाऊण तास होता. हायवेवर एक चक्कर मारून येऊ, असं म्हणून त्यांनी खालचा गिअर टाकला आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला. गाडीने डरकाळी फोडली.

"अहो जावईबापू, फाटा मागे गेला!"

"हो आई. जरा पुढे जाऊन येऊ."

"पुढे कुठे?"

टर्बोशेठची नजर दिव्यावर खिळलेली. "आई, तुम्ही शांत बसा. काजळी जळतेय."

"गाडी जळतेय?"

"काजळी!"

तेवढ्यात आत तापलेल्या लोखंडाचा वास आला. सासूबाईंनी लेकीला फोन लावला. "अगं, हे थांबतच नाहीयेत! कालचा राग मनात धरलाय बघ. मला कुठे तरी सोडून येणार!"

"अरे, आईला कुठे नेतोयस?" फोनमधून बायको ओरडली.

"कुठेच नाही! नुसतं न्यायचंय!"

हे ऐकल्यावर सासूबाईंनी काच खाली केली आणि पदर बाहेर काढून फडफडवला. शेजारून जाणाऱ्या एका मोटरसायकलवाल्याने तो पाहिला आणि पाठलाग सुरू केला! तो हातवारे करून थांबायला सांगतोय, टर्बोशेठ काकुळतीने मान हलवून नाही म्हणतायत, सासूबाई "अहो दादा!" म्हणून टाहो फोडतायत आणि पिवळा दिवा काही विझायला तयार नाही. टर्बोशेठच्या घामाने स्टिअरिंग निसटायला लागलं. कुठल्याही क्षणी पोलीस येणार, उद्याच्या पेपरात फोटो येणार!

...आणि दिवा विझला.

टर्बोशेठनी गाडी कडेला घेतली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

मोटरसायकलवाला खिडकीशी आला. "काय हो, या बाईंना कुठे पळवताय?"

सासूबाई ताठ झाल्या. "पळवताय म्हणजे? जावई आहेत माझे! तोंड सांभाळून बोला!"

बिचारा हेल्मेट न काढताच निघून गेला.

मग टर्बोशेठनी गाडी वळवली आणि सुसाट सोडली. वाटेत सगळं समजावून सांगितलं. स्टेशनच्या पार्किंगमध्ये शिरले तर काय, कुंपणापलीकडे ट्रेन अजून उभी! उशिरा आली होती.

"पळा आई! नाही, थांबा!"

"आता काय?"

"बॅगा डिकीत आहेत. डिकी किल्लीनेच उघडते. आतली खटकी कधीची तुटलीय."

"मग काढा की किल्ली!"

"इंजिन बंद करावं लागेल. पण भरधाव आलोय आई, टर्बो लालबुंद झालाय. लगेच बंद केलं तर आतलं तेल करपतं. एकच मिनिट चालू राहू द्या. एकच!"

सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. टर्बोशेठनी घड्याळाकडे पाहिलं. शिट्टी झाली. दोघांनी ट्रेनकडे पाहिलं. एकेक डबा सावकाश, अगदी टर्बोशेठ रोज चालवायचे त्या वेगाने, समोरून निघून गेला.

मिनिट पूर्ण झालं. टर्बोशेठनी किल्ली काढली आणि मान खाली घातली.

मग सासूबाई उतरल्या, पुढच्या सीटवर येऊन बसल्या आणि लेकीला फोन लावला. "नाही गं, त्यांची काही चूक नाही. मलाच पायऱ्या चढवेनात. बाबांना सांग, साखर नंतर घाला म्हणावं."

टर्बोशेठना भरून आलं. एवढं मोठं मन! "आई, मी उद्याच दुसरं तिकीट काढतो."

"उद्या कशाला?" सासूबाईंनी पट्टा लावला. "गाडीला वरचेवर असं लांब पळवायला हवं, म्हणालात ना? मग या रविवारी माझ्या धाकट्या बहिणीकडे जाऊ. पुढच्या रविवारी मधलीकडे. आम्ही सात बहिणी आहोत, जावईबापू. तुमच्या इंजिनाला काही म्हणता काही होऊ द्यायची नाही मी!"