भोंगा वाजला की या

कार्यक्रम भरवावा तर आमच्या पाम गावात, आणि तोही मीच. हे मी स्वतःच्या तोंडाने सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही. गणपतीतल्या स्पर्धा, क्रिकेटचे सामने, निवृत्त मास्तरांचे सत्कार, सगळं या धर्मेशने तडीस नेलेलं आहे. माझ्या कार्यक्रमातून चहाआधी एक माणूस उठून गेला असेल तर दाखवा!

म्हणून रामनाथ भाओजींनी जेव्हा विचारलं, "धर्मेश, आमचा एक कार्यक्रम लावशील काय?" तेव्हा मी आधी हो म्हटलं आणि मग विचारलं, "कसला?"

"हेवी मेटल."

रामनाथ भाओजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, जयूताईचे यजमान. वय चौसष्ट. बोईसरला एमआयडीसीत पोलादाच्या भट्टीवर सगळी नोकरी काढली, आता चिकूची वाडी बघतात. माणूस इतका शांत, की घरात आहे की वाडीत हे ताईला हाक मारून पाहावं लागतं. हेवी मेटल म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं, पण ठाऊक नाही असं म्हणायची आमच्या घराण्यात पद्धत नाही. मी म्हटलं, "हरकत नाय. पेटी-तबला आपल्या भजनी मंडळाचा हाय."

भाओजी हसले. मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी चहा खाली ठेवला. अठ्ठ्याऐंशी साली भट्टीवरच्या चौघांनी मिळून एक बँड काढला होता. नाव 'फर्नेस'. खांद्यापर्यंत केस, काळे बनियन, पत्र्याच्या शेडमध्ये दर रविवारी धिंगाणा. एक्याण्णव साली भाओजींचं लग्न ठरलं आणि वरात यायच्या आत गिटार माळ्यावर गेली. नव्या माणसाला आवाजाचा त्रास नको म्हणून. ती तिथेच राहिली. चौतीस वर्षं!

"मग आताच काय झालं?" मी विचारलं.

त्यांनी डावा हात पुढे केला. बोटांचे सांधे सुपारीएवढे सुजले होते. "अजून थोडे दिवस चालतील. मग नाय. जयवंतीनं एकदा ऐकायला पायजे, धर्मेश. आवडलं तर आवडलं. नाय तर गिटार देऊन टाकीन कोणाला तरी. पन न ऐकताच द्यायची, ते मनाला पटत नाय."

मला एकदम भरून आलं. असल्या वेळी मी फार बोलतो म्हणून गप्प बसलो, आणि मनातल्या मनात दोनशे खुर्च्यांची ऑर्डर दिली.

त्या रविवारी तालीम पाहायला बोईसरला गेलो. उत्सुकता कुठली गप्प बसू देते! भंगारवाल्याच्या शेडमध्ये तीन म्हातारे जमले होते. चौथा बडोद्याला मुलीकडे नातू सांभाळत होता, त्याला सुट्टी मिळाली नाही. गाणारे प्रदीपराव, पुढे भट्टी सोडून बँकेत लागलेले, आता निवृत्त, गळ्यात मानेचा पट्टा. ढोल-झांजांच्या त्या ढिगामागे भिका, जव्हारकडचा, एकेकाळचा वेल्डर. त्याची बायको बायडी शेजारी बसून त्याच्या खांद्याला तेल चोळत होती.

मग ते सुरू झालं. मी सात-आठ मिनिटं ऐकलं आणि अदबीने विचारलं, "सूर जुळवून झाले की सांगा."

"तीन गाणी झाली," प्रदीपराव म्हणाले.

शेडमालकाचा कामगार धावत आला. "अंकल, मशीन में कुछ फँस गया क्या?"

पण खोटं कशाला बोलू, चौथ्या गाण्याला माझा पाय आपोआप हलायला लागला. मी त्याच्याकडे बघत राहिलो. पाय माझाच होता. प्रदीपराव पोटातून असा आवाज काढत होते की वाटावं, बँकेत तीस वर्षं गिळलेलं सगळं आज बाहेर येतंय. आणि भाओजी! डोळे मिटलेले, मान खाली, टक्कल लयीत हलतंय. हा माणूस आमच्याकडे दिवाळीला येतो आणि करंजीसुद्धा मागून घेत नाही.

"कार्यक्रमात पहिलं गाणं 'तिसरी पाळी'," भाओजी म्हणाले. "त्याची सुरुवात भोंग्यानं."

भिकाने पोत्याखालून हाताने फिरवायचा एक लोखंडी भोंगा काढला. पूर्वी तो दोन मिनिटं एका दमात फिरवायचा, कारखान्याच्या पाळीच्या भोंग्यासारखा एकसारखा. आता खांदा धरलेला. दहा वेळा फिरवला की थांबायचा, पुन्हा फिरवायचा. त्यामुळे आवाज वर चढायचा, खाली यायचा, वर चढायचा, खाली यायचा.

"जमतंय ना?" भिकाने घाम पुसत विचारलं.

"उलट जास्त काळजाला भिडतंय," मी म्हटलं. हे वाक्य लक्षात ठेवा. माझ्या पुढच्या हालांचं मूळ तेच.

आता गावाबद्दल सांगायला हवं. आमच्या इथून तारापूरचं अणुकेंद्र हाकेच्या अंतरावर. त्यामुळे संकटाचा सराव ही आमच्याकडे लहानपणापासूनची गोष्ट. भोंगा वरखाली वाजला की घरात जायचं, दारं-खिडक्या लावायच्या, फटीत ओले कपडे, पाणी आणि जेवण झाकून ठेवायचं. भोंगा एकसारखा दोन मिनिटं वाजला की संकट टळलं, बाहेर यायचं. त्याच आठवड्यात गावात रिक्षा फिरून गेली होती: येत्या काही दिवसांत कधीही सराव होईल, ग्रामस्थांनी सज्ज राहावे.

आणि आमच्या आळीची स्वयंसेविका कोण? जयूताई. तिने प्रशिक्षण घेतलंय. तिच्याकडे केशरी जाकीट आहे, शिट्टी आहे, घरवार नावांची वही आहे. मागच्या सरावात सगळे घरात शिरायला पामला अकरा मिनिटं लागली आणि चिंचणीच्या तिच्या जावेच्या आळीला नऊ. ते शल्य तिने वर्षभर उराशी बाळगलं होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी चारलाच मैदान भरलं. 'जुन्या कलाकारांचा मेळा' असा फलक मी लावला होता, त्यामुळे म्हाताऱ्या बायका पुढे बसल्या. "नाचनारी कवा येनार?" एकीने विचारलं. जयूताई पहिल्या रांगेत, लेकाच्या लग्नातली साडी नेसून. तिने मला खूण करून जवळ बोलावलं.

"धर्मा, हे वाजवतात म्हंजे नक्की काय रे वाजवतात?"

"आता ऐक की."

"मला कधी दाखवलंच नाय," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. कुतूहल होतं, आणि थोडी भीती, मुलाचा निकाल ऐकायला बसल्यासारखी.

मी माइकवर चार शब्द बोललो (अकरा मिनिटं) आणि खाली उतरून ताईच्या मागे बसलो. मंचावर तिघांनी डोळे मिटले. भिकाने भोंगा फिरवला. आवाज वर चढला, खाली आला, वर चढला, खाली आला.

पहिली उठली ती जयूताई. "मुद्दाम वाजवलाय!" ती ओरडली. "कार्यक्रमात गाफील गाठायला! चला, आत चला सगळी!" पिशवीतून शिट्टी निघाली. दोनशे माणसं लहानपणापासूनच्या सवयीने उठली. कोणी ढकलाढकली केली नाही, कोणी प्रश्न विचारला नाही. नाचणारीची चौकशी करणाऱ्या आजी तर माझ्यापुढे धावत होत्या.

हो, मीही धावलो. सवय म्हणजे सवय. ताईच्या घरात घुसून मी दोन खिडक्या लावल्या आणि पाण्याच्या हंड्यावर ताट झाकलं. ओला टॉवेल फटीत कोंबत असताना मला लक्षात आलं की बाहेर गाणं चाललंय.

ओटीच्या खोलीत पंधरा माणसं दाटीने उभी होती. जयूताई बंद खिडकीला कान लावून उभी होती.

"कोन वाजवतंय?" तिने विचारलं.

"भाओजी."

"आत नाय आले?"

"डोळे मिटून वाजवतात ते. त्यांना कळलंच नसेल."

ताईचा हात खिडकीच्या कडीवर गेला आणि तिथेच थांबला. चेहरा पांढरा पडला होता. आळीची जबाबदारी तिच्यावर आणि नवरा बाहेर. त्या क्षणी माझ्या डोक्यात उजेड पडला. "ताई, तो भोंगा सरकारी नव्हता! भिकाचा होता, गाण्यातला!"

"तू गप. एकसुरी भोंगा झाल्याबिगर दार उघडायचं नाय. प्रशिक्षणात सांगितलंय."

"अगं पण मी सांगतो ना!"

"म्हनून तर नाय उघडायचं."

पंधरा जणांनी माना डोलावल्या. मग मी मागीलदाराने सटकलो, कुंपणाला सदरा फाडून घेतला आणि मंचावर चढलो. नेमकं तेव्हाच गाणं संपलं. तिघांनी डोळे उघडले. समोर दोनशे रिकाम्या खुर्च्या, आणि मधोमध एकटी बायडी, मांडीवर शेंगांची पुडी. ती टाळ्या वाजवत होती.

"तू नाय पळालीस?" भिकाने विचारलं.

"कशाला? आमच्या गावात नाय हा भोंगा. आनि ह्यो तर तुजाच."

भाओजींचं लक्ष पहिल्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीवर होतं. "इतकं वाईट वाजवलं काय रे?" त्यांनी मला हळू विचारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सगळं सांगितलं. आता लोकांना बाहेर काढायचं तर एकसारखा आवाज हवा, दोन मिनिटं. भिकाच्या खांद्याला ते झेपणार नव्हतं, आणि माझ्या हाताने तो भोंगा नुसताच खोकला.

भाओजींनी भोंग्याकडे पाहिलं. गिटार घेऊन मोठ्या स्पीकरसमोर जाऊन उभे राहिले आणि एक तार दाबली. एकच सूर. तो स्पीकरमधून फिरून पुन्हा तारेत यायचा आणि वाढत जायचा. सुजलेलं बोट जागचं हललं नाही. घाम कानशिलावरून खाली आला, बोट पांढरं झालं, सूर हलला नाही. असलं गिटारवादन मी जन्मात ऐकलं नव्हतं, आणि खरंतर त्यात काहीच वाजत नव्हतं.

एक दार उघडलं. मग दुसरं. सगळी आळी बाहेर आली. सगळ्यांत पुढे जयूताई, हातात घड्याळ.

"चार मिनिटं वीस सेकंद!" ती म्हणाली. "चिंचणीचं नाक कापलं आपन!"

मग ती वही घेऊन घराघराची हजेरी लावायला गेली. भोंगा सरकारी नव्हता हे चौघांनी सांगूनही तिने वही बंद केली नाही; सुरू केलेली हजेरी अर्धवट सोडायची नसते म्हणे. त्यात पाऊण तास गेला. तेवढ्यात स्पीकरवाल्याला चिंचणीला हळदीला पोचायचं होतं, त्याने वायरी गुंडाळल्या. ताई परत आली तेव्हा मंचावर नुसते बांबू उरले होते.

"झालं?" तिने भाओजींना विचारलं.

"झालं," भाओजी म्हणाले आणि गिटार पेटीत ठेवायला लागले. ताईचा चेहरा उतरला. तिने त्यांच्या बोटाकडे पाहिलं आणि साडीचा पदर नीट केला.

मला ते बघवलं नाही. कार्यक्रम असा पडू देईन तर मी धर्मेश कसला? माझा बॅटरीवरचा कर्णा उचलून मी ओरडलो, "मंडळी, उरलेला कार्यक्रम याच आठवड्यात होनार! दिवस ठरला की भोंगा वाजेल. भोंगा वाजला की या!"

तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही.

गुरुवारी सकाळी साडेदहाला भोंगा झाला. वरखाली. सराव तपासायला आलेले साहेब घड्याळ लावून आळीच्या तोंडाशी उभे होते. त्यांच्या डोळ्यांदेखत गावातलं एकेक दार उघडलं आणि माणसं खुर्च्या घेऊन बाहेर पडली. चार मिनिटांत मैदान भरलं. साहेब धावत मैदानात आले. पहिल्या रांगेत जयूताई, तीच लेकाच्या लग्नातली साडी, मांडीवर घडी केलेलं केशरी जाकीट.

"अहो बाई, तुम्ही स्वयंसेविका ना? भोंगा ऐकू येत नाही का?"

"आला ना. म्हनून तर आलो," ताई म्हणाली. "जरा बाजूला सरा, साहेब. दिसत नाय."

साहेबांनी विचारलं की हे कोणी सांगितलं. दोनशे माणसांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिसऱ्या रांगेत होतो, खुर्चीसकट.

एवढ्यात वाडीतून भाओजी आले, हातात चिकूची टोपली. त्यांनी गाव पाहिलं, साहेब पाहिले, पहिल्या रांगेतली बायको पाहिली. टोपली खाली ठेवली, घरात गेले आणि गिटार घेऊन आले. स्पीकर नव्हता, भिका नव्हता, प्रदीपराव नव्हते. ते ताईसमोर एका क्रेटवर बसले आणि डोळे मिटून वाजवू लागले.

विजेची गिटार विजेविना किती वाजते हे मला त्या दिवशी कळलं. डासाएवढी! दोनशे माणसं ऐकायला पुढे वाकली. साहेब काही बोलायला गेले, तर ताईने शिट्टी तोंडात धरून त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. ते खुर्ची घेऊन बसले.

'तिसरी पाळी' अख्खी झाली. मध्ये दोनदा बोट अडलं, भाओजी थांबले, पुन्हा त्याच जागेपासून उचललं. संपल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि ताईकडे पाहिलं. 

ताईने डोळे पुसले. मग कपाळाला आठ्या घातल्या.

"स्पीकर नसला तर एवढासाच आवाज होय याचा?" ती म्हणाली. "आनि मला तरास होईल म्हनून चौतीस वर्सं माळ्यावर ठेवलीत?"