मान सरळ ठेवून नाकात थेंब

आमचे हे पंखे बसवतात. शिडीवर चढायचं, मान वर करायची आणि छताला पंखा टांगायचा, हा त्यांचा व्यवसाय. एके दिवशी मान वर करताच पंख्याच्या आधी खोलीच फिरू लागली. त्यात सर्दी. मुकादम म्हणाले, "सोमवारी शिडीवर दिसला नाहीत, तर शिडी दुसऱ्याला देईन."

म्हणून रुग्णालय गाठलं. मान हलली की येणारी चक्कर कानातून येते, त्यामुळे सकाळी कानाचा विभाग. सर्दीसाठी दुपारी नाकाचा. खोली एकच, खुर्ची एकच, डॉक्टरही तेच. जेवणाच्या सुट्टीत शिपाई दारावरची पाटी तेवढी उलटवतो.

कानाच्या कागदावर लिहिलं होतं: मान मागे टाकू नये, पुढे वाकू नये. नाकाच्या कागदावर: मान मागे टाकून थेंब सोडावेत, पुढे वाकून वाफ घ्यावी. डॉक्टरांचं भलं होवो, अक्षर इतकं सुवाच्य होतं की गैरसमजाला जागाच नव्हती.

"यात अडचण कसली?" सासूबाई म्हणाल्या. "मान हलवायची नाही ना? मग फळी हलवा. फळीला कुणी मनाई केलीय?"

आम्ही ह्यांना इस्त्रीच्या फळीला डोक्यापासून पायापर्यंत बांधलं. फळी मागे कलवली, थेंब नाकात गेले. पुढे कलवली, वाफ मिळाली. मान तसूभर हलली नाही. डोळे मात्र भिंगरीसारखे फिरू लागले.

"अगं आई, सोडव मला!"

"गप रे," सासूबाई म्हणाल्या, "औषध चालू आहे."

दुसऱ्या दिवशी ह्यांना फळीसकट सकाळच्या खोलीत नेलं. डॉक्टरांनी नाकाचा कागद बोटाच्या टोकाने बाजूला सारला.

"हे नाकाचं प्रकरण. दुसऱ्या डॉक्टरांच्या उपचारात मी ढवळाढवळ करत नाही."

"पण डॉक्टरसाहेब, दुसरे डॉक्टर तुम्हीच ना?"

"म्हणूनच. त्यांचा मला फार आदर आहे."

आम्ही बाकावर बसून राहिलो. पाटी उलटली. डॉक्टरांनी आता कानाचा कागद वाचला आणि ते चुकचुकले.

"असं कुणी लिहितं का? हा माणूस नाक कसं मोकळं करणार?"

"मग हे खोडता का?"

"छे! ज्याचं त्याने खोडावं. सकाळी या."

"आम्ही सकाळीच आलो होतो."

"मग काय म्हणाले ते?" डॉक्टरांनी खऱ्या उत्सुकतेने विचारलं.

सोमवार उजाडला. चक्कर तशीच, सर्दी तशीच. हे शिंकत शिडीवर चढले. वर बघायला कानाची मनाई, म्हणून समोरच्या भिंतीकडे बघत, हात वर करून, चाचपडत पंखा टांगला. बोटांना लागले ते स्क्रू पिळले, उरले ते खिशात टाकले. दुपारपर्यंत मजलाभर पंखे लागले. मुकादम खूश झाले.

"बाकीचे नुसते वर बघण्यात वेळ घालवतात," ते म्हणाले, आणि त्यांनी तीच पद्धत सगळ्यांना लागू केली.

देवाच्या कृपेने ह्यांची शिडी वाचली. कामाचा व्यापही वाढला आहे. कचेऱ्या, शाळा, दवाखाने, राहती घरं. कुठे कुठे पंखे लावले ते आता ह्यांनाही आठवत नाही.

बघितलंत ना वर?

मान मागे टाकलीत तुम्ही. आता सकाळीच जा. दुपारी तुमचं कुणी ऐकणार नाही.