मोहिते अण्णांची वाऱ्याची भट्टी

आमच्या मजल्यावरचे मोहिते अण्णा दर रविवारी सकाळी देवघराचा पडदा ओढतात, हात जोडतात आणि मग गॅलरीत जाऊन डुक्कर भाजतात.

अख्खं डुक्कर नाही हो. किलो-सव्वा किलोचा, कातडीसकट तुकडा असतो. आणि भाजतात तेही विस्तवावर नाही, एअर फ्रायरमध्ये. वॉशिंग मशीनच्या डोक्यावर तो काळा डबा घूं घूं करत असतो आणि त्याच्यासमोर प्लास्टिकच्या खुर्चीत अण्णा. अंगात बाह्यांचा बनियन, कपाळाला भंडारा, डोळे मिटलेले, एक कान डब्याकडे. कोणी विचारलंच तर अगदी शांतपणे सांगतात की यात चूल नाही, जाळ नाही, नुसता वारा आहे, आणि वाऱ्याने काही शिजवलं तर त्याचा दोष घराला लागत नाही. फ्रायर हा शब्द त्यांना मान्य नाही. ते त्याला वाऱ्याची भट्टी म्हणतात.

भट्टी हा त्यांचा जन्माचा विषय. बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात गिअर तापवून कडक करायच्या खात्यात ते होते, तिथूनच रिटायर झाले. गिअर बाहेरून कडक हवा आणि आतून मऊ, नाहीतर तुटतो, हे त्यांनी मला इतक्यांदा समजावलंय की उद्या मीच त्या खात्यात नोकरीला लागू शकते. डुकराचंही तेच, म्हणतात. वर कातडी कुरकुरीत, आत मांस लोण्यासारखं. "घाई नाही करायची, नागपूर. स्वल्प स्वल्प. वाऱ्याला त्याचं काम करू दे की."

नागपूर म्हणजे मी. इथे बंगळूरला, एचएसआर लेआउटमध्ये भाड्याने राहायला आले त्या दिवशी त्यांनी माझं गाव विचारलं आणि तेच माझं नाव ठेवून दिलं. खरं नाव दोनदा सांगून बघितलं, मग नाद सोडला. अण्णांचे पूर्वज म्हणे चारशे वर्षांपूर्वी घोड्यावर बसून इकडे आले आणि परत जायचं विसरले. त्यामुळे त्यांच्या मराठीत कानडी मुरलेलं आहे. ठीक आहे म्हणायचं तर 'सरी', पुरे म्हणायचं तर 'साकु'. माझ्या मराठीत निम्मं इंग्रजी आहे हे त्यांना लगेच टोचतं, आपलं कानडी मात्र त्यांना ऐकूच येत नाही.

तर या डुकराच्या भानगडीत मी सापडले ती गॅलरीमुळे. आमच्या दोन गॅलऱ्यांमध्ये जेमतेम हातभर फट आहे. एका शनिवारी संध्याकाळी अण्णा माझ्या दारात उभे. हातात केळीच्या पानात गुंडाळलेलं काहीतरी. रात्रभर फ्रिजमध्ये उघडं ठेवायचंय, म्हणाले, कातडी सुकायला हवी. मी म्हटलं, अहो, तुमच्याकडे तर माझ्या दुप्पट मोठा फ्रिज आहे. तर म्हणाले, आहे की, पण तो उंबरठ्याच्या आत आहे.

मला वाटलं, झालं, म्हातारा कामातून गेला. पण तसं नव्हतं. त्यांनी सगळा विचार केला होता. डुक्कर त्यांच्या घराचा उंबरठा ओलांडू शकत नव्हतं, तशी जुनी शपथ होती. मग ते गॅलरीत पोचणार कसं? तर माझ्या दारातून आत, रात्रीचा मुक्काम माझ्या फ्रिजात, आणि सकाळी माझ्या गॅलरीच्या कठड्यावरून त्यांच्या गॅलरीत. गॅलरीच्या सरकत्या दाराखालची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी हाही उंबरठाच, असा निवाडा त्यांनी स्वतःच देऊन टाकला होता. पट्टीच्या आत घर, पट्टीच्या बाहेर वारा. माझ्या घराला कसलीच शपथ नव्हती, म्हणून माझं घर चालत होतं. हसावं की रडावं ते मला कळेना. मी फ्रिजातली कोथिंबीर काढून जागा करून दिली.

तेव्हापासून दर शनिवारी माझ्या फ्रिजात डुक्कर मुक्कामाला. एकदा आई नागपूरहून आली होती. तिने सकाळी फ्रिज उघडला, ते पांढरे-गुलाबी थर बघितले, आणि ही दुरंगी बर्फी कोणी दिली गं, म्हणत वड्या पाडायला सुरी घेऊन बसली. मी वेळेवर उठले म्हणून बरं. त्यानंतर आई होती तोवर तिने माझ्या फ्रिजातलं पाणीसुद्धा प्यायलं नाही.

रविवारी सकाळी आमची गल्ली अर्धवट झोपेत असते. समोरच्या झाडाची गुलाबी फुलं गाड्यांच्या टपांवर पडत राहतात. ऊन असतं पण टोचत नाही. कुठेतरी कुकरची शिट्टी होते आणि विरून जाते. मी माझ्या गॅलरीत चहा घेऊन बसते, अण्णा त्यांच्या गॅलरीत. भट्टी घूं घूं करते. मिरी, लसूण आणि कोडगूकडचं, म्हणजे कूर्गचं, ते काळं, दाट, आंबट व्हिनेगर, यांचा वास हळूहळू दोन्ही गॅलऱ्यांत भरतो आणि माझे डोळे जड होतात. अशा गुंगीतच अण्णा बोलायला लागतात, माझ्याकडे न बघता, समोरच्या झाडाला सांगितल्यासारखं. शपथेची गोष्ट मला त्यांनी अशीच सांगितली.

अण्णांची बायको पोन्नम्मा अक्का ही कोडगूची, कॉफीच्या मळ्यातली मुलगी. बंगळूरला शिकायला आली, अण्णांशी लग्न केलं आणि तिच्या घरच्यांनी दार लावून घेतलं. इकडे अण्णांच्या आईने दार उघडलं, पण अर्धंच. सून चालली, सुनेच्या माहेरचं डुक्कर चालेना. तिने मुलाला देवासमोर बसवून बेलभंडारा उचलायला लावला, की या घराच्या उंबरठ्याच्या आत डुक्कर येणार नाही. अण्णांनी उचलला. लग्न टिकायला हवं होतं नं बापा. अक्काला मात्र कोणी विचारलंच नाही.

आता कोडगूच्या माणसाला डुक्कर म्हणजे काय, ते आपल्याला पुरणपोळीवरून कळायचं नाही. सणाला ते, लग्नाला ते, पाहुणा आला की ते. त्याच्याशिवाय ताट वाढणं म्हणजे पाहुण्याला उठ म्हणणं. पुढे अण्णांची आई गेली, जुनं घर जाऊन फ्लॅट आला, पण उचललेला भंडारा खाली कसा ठेवायचा? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. अण्णांनी अक्काला हॉटेलात नेऊन बघितलं, तर तिथे तिने इडली मागवली. कोडगू लोकांच्या समारंभांनाही ती कधी गेली नाही, माहेराबद्दल कोण काय विचारेल म्हणून.

आणि मग या पावसाळ्याच्या तोंडावर तिच्या भावाचा फोन आला. माचय्या त्यांचं नाव. त्यांचा मुलगा कोरमंगलात नोकरीला लागला होता, त्याने खटपट करून आत्या शोधून काढली होती. माचय्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन बंगळूरला व्हायचं होतं. ते झालं, चालता यायला लागलं, की एका रविवारी जेवायला येतो, म्हणाले. फोन अण्णांनीच घेतला होता. त्यांनी निरोप सांगितला, अक्का सरी म्हणाली आणि दिवसभर एकच कपाट पुन्हा पुन्हा आवरत बसली.

अण्णांनी दुसऱ्याच दिवशी एअर फ्रायर आणला.

तर हा सगळा रियाज त्या एका जेवणासाठी चालला होता. त्या दिवशी ताटात डुक्कर नसेल तर चाळीसेक वर्षांनी आलेला भाऊ पुन्हा यायचा नाही, ही धास्ती अण्णांच्या पोटात होती. गंमत म्हणजे त्यांना स्वतःला ते खाववत नाही. वाससुद्धा कसाबसा सोसतात. म्हणून मग चव बघायचं काम माझ्याकडे आलं, आणि अण्णा फक्त कान लावणार. कातडी वाजली पाहिजे, अक्काने लग्नाआधी कधीतरी सांगितलं होतं की तिच्या घरी कातडी अशी वाजायची की शेजारच्या खोलीत कळायचं कोण खातंय. मी सावजी खाऊन वाढलेली मुलगी, पण अण्णांच्या पहिल्या रोस्टपुढे मी हात टेकले. चपलेचा अंगठा चावतोय असं वाटलं. दुसऱ्या खेपेला भट्टीतून इतका धूर आला की खालच्या मजल्यावरून माणूस बादली घेऊन वर आला. एकदा बाहेरून सोनं आणि आतून कच्चं. अण्णा प्रत्येक वेळी माझ्या चावण्याचा आवाज डोळे मिटून ऐकत आणि मान हलवत. साकु, म्हणत, पुढच्या रविवारी बघू.

अक्का या सगळ्यात कुठेच नसे. आतल्या खोलीत उशांचे अभ्रे शिवत बसलेली असे. एकदा एक तुकडा खरंच चांगला जमला तेव्हा अण्णा हरखून गेले आणि पट्टीपाशी उभे राहून तिला हाका मारायला लागले. ती आली. बशीकडे बघितलं, अण्णांकडे बघितलं.

"गॅलरीत उभं राहून खायला मी कावळा आहे का?" एवढंच म्हणाली आणि शिवायला निघून गेली.

अण्णांनी बशी कठड्यावर ठेवली. मग सांगायला लागले की तिच्या गावाकडे म्हणे ढग घरात शिरतात. सकाळी दार उघडलं की ढग आत येऊन बसतो, चुलीपाशी, भांड्यांमध्ये, माणसं त्याच्यातून वाट काढत चहा करतात. त्यांनी ते कधीच पाहिलेलं नाही. जावयाला तिकडे बोलावलंच नव्हतं. पण ते इतकं हळू आणि इतकं बारीक सांगत होते की माझ्या डोळ्यांसमोर आमची गल्लीच धुक्याने भरून आली. "ढगाला कोण उंबरठा विचारतंय, नागपूर," ते म्हणाले.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी माचय्या येणार ठरलं. अण्णांनी तोडगा आधीच काढून ठेवला होता. जेवण माझ्याकडे. माझं टेबल, माझा उंबरठा, सगळं शपथेच्या बाहेर. मी लॅपटॉप उचलला, टेबलावर धुतलेली चादर घातली, चार खुर्च्या जमवल्या. त्या सकाळी अण्णांनी भट्टीला हात जोडले. दाभणाने टोचलेली, मीठ चोळलेली कातडी आधी मंद वाऱ्यावर ठेवली, शेवटी कडक वाऱ्यावर. आणि काय सांगू, जमलं. अशी फुलली, अशी तडतडली की मी माझ्या गॅलरीत उभी राहून ऐकत होते. अण्णांनी तो तुकडा माझ्या काचेच्या थाळीत ठेवून कठड्यावरून माझ्याकडे दिला. त्यांच्या कपाळावरचा भंडारा घामाने ओघळला होता.

माचय्या आले. उंच, पांढऱ्या मिशा, हातात काठी, एक पाय अजून जपून टाकणारे. अक्का पाया पडायला वाकली तर म्हणाले, वाकू नकोस, मला तुला उठवता यायचं नाही. अण्णांना समजावं म्हणून हे सगळं कानडीत. दोघांनी एकमेकांकडे नीट बघितलंही नाही. मग अण्णांनी हात जोडून माझ्या दाराकडे दाखवलं, जेवण इकडे आहे म्हणाले, आणि अडखळत शपथेचं सांगितलं.

माचय्यांनी ऐकून घेतलं. रागावले नाहीत. माझ्या दाराकडे बघितलं, बहिणीच्या दाराकडे बघितलं. मी बहिणीकडे आलोय, म्हणाले. असेल ते वाढा, दहीभात वाढा, पण मी इथेच बसेन. आणि काठी टेकत आत जाऊन तिच्या टेबलाशी बसले. अक्का स्वयंपाकघरात गेली. दह्याचं भांडं काढल्याचा आवाज आला.

अण्णा गॅलरीत आले. मी आधीच माझ्या गॅलरीत परतून थाळी धरून उभी होते. त्यांनी हात पुढे केले, मी थाळी दिली. ती घेऊन ते सरकत्या दाराच्या पट्टीपाशी थांबले. थांबले म्हणजे थांबलेच. आत भिंतीवर त्यांच्या आईचा फोटो होता, तो माझ्या जागेवरून मला दिसत नव्हता, पण ते कोणाशी बोलले ते मला कळलं.

"आई, शपथ मी घेतली होती. उपास हिने केला."

आणि पाय उचलून आत गेले.

मी धावतच माझ्या दारातून बाहेर पडून त्यांच्या घरात गेले. थाळी टेबलावर होती. अक्का दह्याचं भांडं हातात घेऊन नवऱ्याकडे बघत उभी होती. मग तिने भांडं बाजूला ठेवलं, भावाला वाढलं, स्वतःला वाढून घेतलं आणि बसली. कातडीचा तुकडा तिने दाताखाली मोडला. आवाज आला. खूप वेळ ती तो एकच तुकडा चावत राहिली आणि डोळे पुसायचं तिच्या लक्षातच आलं नाही.

माचय्या काहीतरी म्हणाले. ते कानडी नव्हतं, त्यांची कोडगूची भाषा होती. अक्का त्याच भाषेत एक शब्द बोलली. त्यांनी आणखी काही विचारलं. मग ती बोलायला लागली. आधी अडखळत, शब्द शोधत, मग भरभर. हातवारे करून काहीतरी मोठं दाखवत होती, बहुतेक झाड असेल नाहीतर गाय असेल, भावाचं वाक्य मध्येच तोडत होती, त्याला खोटं पाडत होती, हसता हसता तिला ठसका लागला तरी थांबेना. ताटातलं गार होत चाललं होतं.

अण्णा वाढायचा चमचा धरून भिंतीला टेकले होते. मी हळूच विचारलं, काय बोलतायत हो?

"मला कुठे कळतंय," ते म्हणाले. घरात ती भाषा बोलायला अक्काला कोणी नव्हतंच, मग त्यांच्या कानावर पडणार कुठून? ते बायकोकडे बघतच राहिले, नव्याने ओळख झालेल्या बाईकडे बघावं तसे.

"इतकी वर्षं मला वाटायचं," अण्णा म्हणाले, "हिला बोलायलाच आवडत नाही."