सात नंबरची माती

बातमी आली तो मंगळवार इतर मंगळवारांसारखाच होता.

मी पीक सल्ला केंद्रात कारकून आहे. मका किंवा सोयाबीन पेरण्याआधी शेतकरी आपल्या शेताची माती पिशवीतून आणून देतात. मी पिशवीवर नंबर टाकतो, माती प्रयोगशाळेत जाते, रिपोर्ट येतो आणि आमच्या तज्ज्ञ बाई कोणतं खत किती घालायचं ते लिहून देतात. या सगळ्यात अक्कल लागते ती इतरांना. मला फक्त नंबर टाकायचे असतात (आणि तरीही).

तर मंगळवारी प्रयोगशाळेतून फोन आला.

"तुमचा सात नंबर कोणाचा हो?"

मी वही पाहिली. "मिशीवाल्यांचा. ओढ्यापलीकडचं शेत. मका."

"नमस्कार सांगा त्यांना. अठरा वर्षं माती तपासतोय, इतक्या मायेनं सांभाळलेली माती पाहिली नाही. यंत्र बिघडलं समजून दोनदा तपासली."

"सांगतो," म्हणून मी फोन ठेवला. ती माती कोणी सांभाळली होती ते मला ठाऊक होतं. मिशीवाल्यांनी नव्हे. माझ्या बायकोनं.

झालं होतं असं. मिशीवाले पिशवी घेऊन आले ते शेवटच्या दिवशी, ऑफिस बंद होता होता, आणि माती चिंब. ओली माती कागदावर पसरून सावलीत वाळवायची आणि मगच पाठवायची, असा नियम. ऑफिसातली टेबलं आधीच्या सहा जणांच्या मातीनं अडवलेली. म्हटलं, एकच तर पिशवी आहे, नेऊ घरी. (माझ्या बहुतेक संकटांची सुरुवात 'एकच तर'नं झालेली आहे.) घरी पुढच्या खोलीत वर्तमानपत्र अंथरून माती पसरली. दुसऱ्या दिवशी दुपारी न्यायला आलो तर फरशी लख्ख.

घरात ताई होती. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. माझी बायको गेल्यापासून ती महिन्यातून एकदा येऊन माझं घर झाडते, आणि झाडताना दयामाया दाखवत नाही.

"ताई, इथली माती?"

"झाडली."

"झाडली? अगं, ते शेत होतं!"

"घरात कोणी शेत आणून टाकतं का रे? बाल्कनीतल्या मोठ्या कुंडीत ओतलं. माती मातीत गेली, बिघडलं काय?"

"वरवर ओतलीस ना?"

"वरवर कशाला? चांगली खालपर्यंत कालवली. कोरडी ठणठणीत झाली होती कुंडी. पाणी घालतोस कधी?"

मी चमचा आणला. अर्धा किलो माती पिशवीत भरली आणि बहुतेक तीच असणार अशी मनाची समजूत घातली. मिशीवाल्यांना पुन्हा माती आणायला सांगणं हा सरळ मार्ग होता. पण मग कारण सांगावं लागलं असतं.

कुंडी माझ्या बायकोची. अकरा वर्षं तिनं त्या कुंडीला भाज्यांची सालं, चहाची पत्ती, अंड्यांची टरफलं खाऊ घातली. मी म्हणायचो, "माझ्यापेक्षा कुंडीला चांगलं जेवण मिळतं." ती म्हणायची, "कुंडी नावं ठेवत नाही." तिला जाऊन दीड वर्ष झालं. कुंडीत जे होतं ते त्यानंतरच्या उन्हाळ्यात वाळलं.

बुधवारी रिपोर्ट आला. बाईंनी सल्ला लिहिला: यंदा खत बंद. आता मका म्हणजे पक्का खादाड. सोयाबीन निदान आपल्या मुळांवर थोडं स्वतः कमावतं, मक्याला सगळं आयतं लागतं. त्या मुरमाड शेतात बिनखताचा मका गुडघाभर वाढून पिवळा पडला असता आणि कणसं आली असती बोटाएवढी. पेरणी शुक्रवारी होती.

रिपोर्ट घ्यायला मिशीवाले नवा शर्ट घालून आले.

"साहेब, फोनवर कळलं तसं घरी सांगितलं. म्हटलं, शेताला खडी म्हणत होतीस ना? घे!"

"काय म्हणाल्या?"

"गप्प बसली. बावीस वर्षांत पहिल्यांदा." त्यांनी कागद छातीशी धरला. "लॅमिनेट करतो आणि भिंतीवर लावतो. दुकानात आमचं खत बाजूला काढून ठेवलंय, ते आता सोडून देतो. रांग लागलीय तिथं, कोणाच्या तरी उपयोगी पडेल."

खरं सांगायला मी तोंड उघडलं. बाहेर पडलं, "अभिनंदन."

ते जिन्यापर्यंत पोचले तेव्हा कुठे माझे पाय हलले.

"थांबा! ती माती तुमची नाही."

"मग कोणाची?"

"माझ्या बाल्कनीतली."

मिशीवाल्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "किती एकर आहे बाल्कनी?"

"एक कुंडी."

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "नवा नमुना तुम्ही स्वतः काढायचा," त्या म्हणाल्या. "नागमोडी चालत, पंधरा ठिकाणी, वीतभर खोल."

मी खणत गेलो. मिशीवाले बांधावर बसून मोजत होते. "हा तेरावा, साहेब. जरा कमरेतून वाका. ही बाल्कनी नाही."

नवा रिपोर्ट आला, त्यात सगळंच कमी होतं. खत अजून दुकानात जागेवर होतं. पेरणी दोन दिवस उशिरा झाली, पण झाली. "बायको पुन्हा बोलायला लागली," मिशीवाल्यांनी कळवलं. सूर अगदीच नाराजीचा नव्हता.

राहिला पहिला रिपोर्ट. झालेली तपासणी रद्द होत नाही, ती कोणाच्या तरी नावावर लागते. बाईंनी कोरा अर्ज माझ्यापुढे सरकवला. नाव: माझं लिहिलं. क्षेत्र: एक कुंडी. पाण्याची सोय: बराच विचार करून 'अनियमित' लिहिलं. पुढचा रकाना होता, येत्या हंगामातलं पीक.

"हे नंतर भरतो," मी म्हणालो.

बाईंनी माझ्या टेबलामागच्या पाटीकडे बोट दाखवलं. पाटी मीच लिहिलेली आहे: 'पिकाचा रकाना रिकामा असल्यास अर्ज घेतला जाणार नाही.' मग मी माझाच अर्ज मला परत केला.

तो माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. रकाना अजून भरलेला नाही.