पेशी काही मधोमध येईना

"वर्षभरात आमच्यात एकदासुद्धा वाद झालेला नाही!" सर टाय बांधता बांधता आरशाला सांगत होते. "कॉलेज आणि कंपनी एकत्र यंत्र बनवायला बसले की लोक एकमेकांचे गळे धरतात. आणि आम्ही? चकार शब्द नाही! आज कंपनीच्या मॅडम यंत्र बघतील आणि जागच्या जागी हो म्हणतील. लिहून ठेव!"

"टाय उलटा आलाय," बायको म्हणाली.

वाद न होण्याचं कारण अगदी घरगुती होतं. कंपनीकडून सरांबरोबर काम करणारा इंजिनिअर म्हणजे त्यांचा जावईच! बायकोनं पहिल्याच दिवशी सरांना बजावलं होतं, "जावईबापूंना टोकायचं नाही. तुमचं बोलून होतं, ऐकून घ्यावं लागतं आपल्या मुलीला." त्याच दिवशी तिकडे मुलीनं नवऱ्याला सांगितलं होतं, "बाबांना टोकू नकोस हं! ते मनाला लावून घेतात." तेव्हापासून दोघं प्रयोगशाळेत 'तुम्ही म्हणाल तसं' याच्यापुढे फारसं काही बोललेच नव्हते.

यंत्र, म्हणजे नव्या धर्तीचा सूक्ष्मदर्शक, मात्र खरोखर चांगलं झालं होतं. एरवी पेशी नीट दिसावी म्हणून तिला रंगात बुडवतात, आणि त्यात ती बिचारी बहुधा मरते. सरांची भिंगं आणि जावयाचा कॉम्प्युटर मिळून ती न रंगवता, जिवंतपणीच पडद्यावर दाखवणार होते. हे यंत्र कुठल्यातरी लहानशा दवाखान्यात चालताना बघायचं, एवढीच सरांची इच्छा उरली होती. आधीची त्यांची सगळी यंत्रं कपाटात झाकून ठेवलेली. मॅडमनी आज नाही म्हटलं, की हेही त्याच कपाटात जाणार होतं.

आता एक छोटीशी अडचण. जुन्या सूक्ष्मदर्शकात चित्र उलटं दिसतं. पेशी ठेवलेली काच डावीकडे सरकवली की पेशी पळते उजवीकडे. सरांचा हात आयुष्यभर त्या उलट्यावर बसलेला. जावयानं मात्र गिऱ्हाइकांचा विचार करून चित्र सुलट केलं होतं. हात जिकडे, पेशी तिकडे. सरांनी तोंडातून ब्र काढला नाही. जावईबापूंना टोकायचं नाही ना! ते गुपचूप घरी सराव करायला लागले. जेवणाच्या टेबलावर मिठाची बाटली डावीकडे-उजवीकडे सरकवत पुटपुटायचे, "हात जिकडे, बाटली तिकडे... हात जिकडे, बाटली तिकडे..." बायको काळजीनं त्यांच्या कपाळाला हात लावून बघायची.

इकडे जावयाला सासऱ्यांची धडपड दिसली होती. बाबांना सुलट जमत नाही, पण ते बोलणार नाहीत! म्हणून आज सकाळी त्यानं कॉम्प्युटरचं एक बटण दाबून चित्र गुपचूप उलटं करून ठेवलं. सांगितलं नाही. बाबांना टोकायचं नाही ना!

मॅडम आल्या. कंपनीच्या सर्वेसर्वा बाई, मोजकं बोलणाऱ्या. खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "दाखवा."

"ही पेशी माझ्या स्वतःच्या गालातली आहे," सर अभिमानानं म्हणाले. "आत्ताच खरवडून घेतली. जरा कडेला आहे, मधोमध आणतो."

त्यांनी नव्यानं शिकल्याप्रमाणे हात सुलट फिरवला. पेशी आणखीनच कडेला गेली.

'मेलो! घाईत जुनी सवय उसळली वाटतं,' सर मनात म्हणाले, आणि त्यांनी हात बदलला. त्याच क्षणी जावयाला वाटलं, 'बाबा आज सुलट चालवताहेत!' आणि त्यानं टेबलाखालून बटण दाबलं. पेशी पडद्याबाहेर!

सरांनी पुन्हा हात बदलला. जावयानं पुन्हा बटण दाबलं. अरुंद बोळात समोरासमोर आलेली दोन सभ्य माणसं एकमेकांना वाट देतात आणि दोघंही एकाच बाजूला सरकतात, तसं चाललं होतं. पेशी डावीकडून आत यायची, उजवीकडून पळायची, वरून डोकावायची, खाली गडप व्हायची! सरांना घाम फुटला. आपला हात कुठला आणि डावं म्हणजे कुठलं, हेच त्यांना कळेना. जावयालाही आपण बटण कितीदा दाबलं ते आठवेना.

मॅडम मात्र पुढे झुकल्या. "वा! किती चपळ आहे हो! जिवंत पेशी एवढी धावते, मला माहीतच नव्हतं! हेच हवंय आम्हाला!"

जावयाचे डोळे चमकले. त्यानं सरांकडे पाहिलं. गप्प बसा, बाबा! नुसतं गप्प बसा!

सरांना गप्प बसवेना.

"मॅडम," ते पडलेल्या आवाजात म्हणाले, "ती धावत नाहीये. गालातली पेशी आहे, तिला कुठं जायचंय? मीच पळवतोय तिला. खरं तर मधोमध आणतोय."

"पण बाबा, मी बटण दाबून चित्र फिरवतोय ना, मग तुम्ही सारखा हात का बदलताय?" जावई ओरडला.

"म्हणजे? तुम्ही बटण दाबत होतात?"

"तुमच्यासाठीच! तुम्हाला उलटं लागतं म्हणून!"

"आणि मी इतके दिवस मिठाची बाटली ढकलत बसलो ते कुणासाठी?"

"कसली बाटली?"

"मग सांगायचं ना आधी!"

"तुमच्याच मुलीनं बजावलंय, बाबांना टोकायचं नाही!"

"आणि मला तुमच्या सासूबाईंनी!"

वर्षभराचं सगळं साचलेलं एकदम बाहेर पडलं. भिंगं, पडदा, वायरी, एवढंच काय, खोलीतला पंखासुद्धा भांडणात आला. दोघंही यंत्र सोडून हातवारे करत उभे होते. मॅडम उठल्या, कुणी हात लावत नाही हे पाहून त्यांनी स्वतःच काच सरकवायची गुंडी धरली आणि हळूच फिरवली.

पेशी आली आणि मधोमध थांबली. स्वच्छ, शांत. आतलं केंद्र आणि भोवतालचे बारीक दाणेसुद्धा दिसत होते. दोघांचे हातवारे हवेतच थांबले. सरांचे डोळे भरून आले. इतकी सुंदर पेशी त्यांनी कधी पाहिली नव्हती, आणि ती तर त्यांच्याच गालातली होती!

"सोपं आहे की!" मॅडम म्हणाल्या. "कुणालाही जमेल. यंत्र मंजूर. दवाखान्यांना द्यायला सुरुवात करू. फक्त एक अट आहे."

"बोला ना, मॅडम!" दोघं एका सुरात म्हणाले.

"गिऱ्हाइकांसमोर ते चालवून दाखवायला तुम्ही दोघांनी जायचं नाही."

बाहेर पडल्या पडल्या बायकोचा फोन आला. "अहो, काय झालं? हो म्हणाल्या?"

"म्हणजे काय! जागच्या जागी!"

"मग यंत्र चालवलं कुणी? तुम्ही की जावईबापूंनी?"

सरांनी जावयाकडे पाहिलं. जावई बुटाच्या नाडीत काहीतरी शोधत होता.

"मॅडमनाच लावायला दिला हात," सर घसा खाकरत म्हणाले. "पाहुण्या माणसाला जरा मान द्यावा लागतो गं!"