नडीनबाईंचं पिस्तूल काही ठरेना

"आई, एक तर पिस्तूल घे, नाही तर माझ्याकडे टल्साला चल," असं म्हणून कर्टिसने अंड्यांवर तिसऱ्यांदा मीठ घातलं.

"मीठ पुरे," नडीनबाई म्हणाल्या.

"विषय बदलू नकोस. महिन्याभरात या रस्त्यावरची तीन घरं फुटली. तीही भरदिवसा! ग्लेंडाबाईंच्या फ्रीझरमधलं हरणाचं मटणसुद्धा सोडलं नाही चोराने. आणि तू इथे एकटी."

नवरा आल्विन जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून नडीनबाई डॉबिन गावाबाहेरच्या त्या घरात एकट्याच राहत होत्या. मागे आठ एकरांचं कुरण, दारात पेकानचं झाड, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून थेट आभाळापर्यंत दिसणारं गवत. टल्साला त्यांच्या वाट्याला काय येणार होतं, तर गॅरेजवरची खोली. तिच्या खिडकीतून शेजाऱ्याची भिंत दिसायची. शिवाय सून कॉफीत साखर घालू देत नसे.

शेवटी तह झाला. चार आठवड्यांत नडीनबाईंनी स्वतःला झेपेल असं पिस्तूल निवडायचं आणि ते चालवायला शिकायचं. नाही जमलं, तर चौथ्या रविवारी कर्टिस सामान न्यायला मोठा ट्रक घेऊन येणार. त्यांना वाटलं, चार आठवडे म्हणजे डोक्यावरून पाणी. पिस्तूल निवडायला लागतं किती?

सोमवारी सकाळी त्या ड्वेनच्या बंदुकांच्या दुकानात गेल्या. काउंटरला टेकून हॉलिस आणि मर्ल नेहमीप्रमाणे कॉफी पीत होते. हॉलिस निवृत्त फौजी, मर्ल गुराढोरांवाला. दुकानातून त्यांनी आजवर काय विकत घेतलं हे ड्वेनला आठवत नसे, पण ते आले नाहीत तर त्याला करमत नसे. नडीनबाईंनी एकतीस वर्षं शाळेची बस चालवली होती. हे तिघेही लहानपणी त्याच बसमधून शाळेत गेलेले. त्यामुळे पन्नाशी उलटलेले ते तीन पुरुष त्यांना पाहताच ताठ उभे राहिले, आणि मर्लने तोंडातली तंबाखू गिळली.

"घरात ठेवायला पिस्तूल हवंय," नडीनबाई म्हणाल्या. "कितीचं घेऊ?"

एवढंच विचारलं त्यांनी. गोळी किती जाडीची असावी, हा त्या गावात साधा प्रश्न नव्हता, हे त्यांच्या लक्षात यायला हवं होतं. आल्विनच्या सख्ख्या भावाने याच प्रश्नावरून सोयरीक मोडली होती. काही गोळ्यांची जाडी मिलिमीटरमध्ये मोजतात, तर काहींची इंचाच्या शंभराव्या भागांत, आणि भांडायला तेवढंही पुरतं.

"नऊ मिलिमीटर," ड्वेन म्हणाला. "डोळे मिटून घ्या. धक्का कमी, गोळ्या जास्त."

हॉलिस हसला. "नऊ? अहो नडीनबाई, नऊची गोळी लागली तर चोर विचारेल, मला कोणी हाक मारली का? पंचेचाळीस घ्या. एकच गोळी आणि विषय संपला."

"संपेल की, पण नडीनबाईंचा!" ड्वेन म्हणाला. "पंचेचाळीसचा धक्का त्यांना सोसणार आहे का? अरे, वय बघ जरा!"

"वयाचं काय?" नडीनबाईंनी विचारलं.

"काही नाही बाई."

"दोघंही येडे आहात," मर्ल म्हणाला. "अडतीसचं रिव्हॉल्व्हर. अडकत नाही, बिघडत नाही, विचार करावा लागत नाही."

"म्हणूनच तुझ्याकडे आहे ते!" हॉलिस म्हणाला.

पुढच्या पाच मिनिटांत तिथे एकमेकांची लष्करातली नोकरी निघाली, बायकांची माहेरं निघाली आणि १९७९ सालचा एक हुकलेला रानडुकरावरचा नेमही निघाला. ड्वेनने स्वतःच्याच दोन्ही मित्रांना दुकानाबाहेर काढलं. नडीनबाई हात हलवत घरी परतल्या.

मंगळवारी सकाळी साडेसात वाजता दार वाजलं. बाहेर हॉलिस उभा होता, हातात पंचेचाळीसची पेटी. "म्हटलं, स्वतः हातात धरून बघा. दुकानात तो बोलू देत नाही." तो बसतो न बसतो तोच मर्लचा ट्रक आला. दुपारी दुकानाला 'जेवायला गेलो आहे' अशी पाटी लावून ड्वेनही आला, कारण त्या दोघांचे ट्रक इकडे वळल्याची बातमी त्याला लागली होती.

नडीनबाईंनी बसमधल्यासारखे नियम लावले. दारातून आत येताना हत्यार रिकामं करायचं आणि टोप्यांच्या फळीवर ठेवायचं. जो सगळ्यांत मोठ्याने ओरडेल त्याने चुलीजवळच्या डुगडुगत्या खुर्चीवर बसायचं. मग त्यांनी पीच घालून, वर पिठाचा खुसखुशीत थर देऊन कॉबलर भाजलं. घरी आलेल्या माणसाला काही गोडधोड न देता पाठवणं त्यांना जमत नसे, आणि खरी चूक तिथेच झाली. गरम कॉबलरवर आइस्क्रीमचा गोळा वितळताना पाहून त्या तिघांना बुधवारीही यावंसं वाटलं.

बुधवारी कुरणात प्रात्यक्षिक झालं. हॉलिसने कलिंगडं आणली. नऊने कलिंगड फुटलं, अडतीसने फुटलं, पंचेचाळीसनेही फुटलं. यावरून आपलंच खरं, असं तिघांनाही वाटलं. गुरुवारी पाण्याचे डबे आले, शुक्रवारी मर्लने अर्धं डुक्कर आणलं, आणि त्याला कोणाची गोळी किती आत गेली हे मोजायला हॉलिसने सुनेची विणकामाची सुई आणली. बघायला आलेले लोक डुक्कर वाया कशाला घालवायचं म्हणून तिथेच भाजायला बसले.

नडीनबाईंनी तिन्ही पिस्तुलं इमानेइतबारे चालवून पाहिली. पंचेचाळीसने त्या मागच्या धुण्याच्या टोपलीत जाऊन बसल्या. नऊचा वरचा भाग मागे ओढायला त्यांच्या बोटांत जोर पुरेना. संधिवाताने ती आधीच वाकडी झाली होती. अडतीसचा चाप इतका जड की नेम धरलेला डबा सोडून गोळी मर्लच्या नव्या ट्रकच्या आरशाला लागली.

"बघितलंस? नेम चांगला आहे बाईंचा," हॉलिस म्हणाला.

दुसऱ्या आठवड्यात हे प्रकरण चर्चमध्ये शिरलं. रविवारच्या अंगतपंगतीला नऊवाले एका टेबलावर आणि पंचेचाळीसवाले दुसऱ्यावर. अडतीसवाले चौघेच होते, त्यांनी उभ्याने जेवण केलं. हॉलिसच्या बायकोने ड्वेनच्या बायकोची बटाट्याची कोशिंबीर न चाखता पुढे सरकवली. डॉबिनमध्ये याला युद्ध पुकारणं म्हणतात.

तिसरा आठवडा गेला तरी पिस्तूल काही ठरेना. नडीनबाईंच्या स्वयंपाकघरात मात्र सकाळी सातपासून अंधार पडेपर्यंत माणसं. कोणी आपलं पिस्तूल दाखवायला, कोणी दुसऱ्याचं हाणून पाडायला, आणि बरेचसे उघडउघड कॉबलरसाठी. अंगणात कधीही चारपेक्षा कमी ट्रक नसत. रात्री सगळे गेले की त्या खिडकीशी उभ्या राहून गवताकडे बघत. आता हे आपलं राहत नाही, असं वाटून त्यांना रडू येई. एकदा तर त्यांनी आल्विनच्या फोटोला वर्तमानपत्रात गुंडाळायलाही घेतलं, आणि परत भिंतीवर लावलं.

चौथा रविवार उजाडला. कर्टिस भाड्याचा मोठा ट्रक घेऊन आला आणि त्याला आपल्याच घरासमोर ट्रक लावायला जागा मिळेना. अंगणात नऊ ट्रक होते. शेवटी रस्त्याकडेला चिखलात ट्रक लावून, बूट भरवून तो आत आला.

"आई, हे काय चाललंय?"

"पिस्तूल निवडतेय," नडीनबाई म्हणाल्या.

"निवडलंस?"

त्या कॉफीत साखर ढवळत राहिल्या. कर्टिसने उसासा सोडला आणि बगलेतला रिकामा खोका टेबलावर ठेवला. तेवढ्यात पोलिसांतला डेप्युटी ट्रॅव्हिस गणवेशात, टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला. तोही लहानपणी त्यांच्याच बसमधला. रोज उलटी करायचा.

"नडीनबाई, चोर सापडला," तो म्हणाला. "तुमच्या डाव्या बाजूचं घर गेल्या मंगळवारी फोडलं, उजव्या बाजूचं गुरुवारी. काल तिसऱ्या घरात कपाटात अडकला."

"आणि मधलं? हे?" कर्टिसने विचारलं.

"मीही तेच विचारलं. तर म्हणतो, त्या घरी? वेड लागलंय का मला? पाच वेळा टेहळणी केली. सकाळी जा, दुपारी जा, दारात ट्रकच ट्रक. आत माणसं कोकलतायत, कोणती गोळी माणसात किती इंच शिरते. मागे कुरणात डुक्कर टांगलेलं, त्याला भोकं पाडून सुईने मोजतायत. म्हणतो, साहेब, मी साधा चोर आहे."

स्वयंपाकघर हसून कोसळलं. नडीनबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी कर्टिसने आणलेला रिकामा खोका उचलला, शांतपणे मोडून सपाट केला आणि त्याच्या हातात दिला.

"मी सुरक्षित असावं, एवढंच म्हणणं होतं ना तुझं?"

कर्टिस डोकं खाजवायला लागला. "आज आहेस, आई. पण हे लोक काय जन्मभर इथे बसणार आहेत?"

आणि नेमके त्याच वेळी ड्वेन, हॉलिस आणि मर्ल पुढे आले. तिघेही विचित्रपणे गोड दिसत होते. त्या दिवशी सकाळीच पाद्र्याने त्यांना सगळ्या गावासमोर उभं करून एकमेकांशी हात मिळवायला लावले होते.

"नडीनबाई, आमचं एकमत झालं," ड्वेन म्हणाला आणि त्याने एक छोटंसं रिव्हॉल्व्हर रिकामं करून त्यांच्या तळहातावर ठेवलं. "बत्तीस. हलकं, मऊ चाप, धक्का नाही. तुमच्यासाठी हेच."

"मी मान्य करतो," हॉलिस दात आवळून म्हणाला.

"मीपण," मर्ल म्हणाला.

नडीनबाईंनी ते हातात घेतलं. त्यांच्या वाकड्या बोटांसाठीच घडवल्यासारखं ते बसलं. चापही अलगद मागे आला. गेले चार आठवडे जे शोधत होतो ते हेच, यात त्यांना काडीचीही शंका उरली नाही. त्यांनी वर पाहिलं. हॉलिस फळीवरची टोपी काढत होता. मर्लने किल्ल्या खिशातून बाहेर काढल्या होत्या. ड्वेन म्हणत होता, चला, उद्यापासून दुकान वेळेवर उघडायला हवं. कर्टिस आईकडे बघून भुवया उंचावत होता. त्याने मोडलेला खोका हळूच पुन्हा उलगडायला घेतला.

एकतीस वर्षं बसमधली भांडणं थांबवणाऱ्या बाईला भांडण लावायचं कसं हेही पुरतं ठाऊक असतं. नडीनबाईंनी रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवलं.

"छानच आहे," त्या म्हणाल्या. "पण मी काय म्हणते, दहा मिलिमीटर कसं राहील?"

मर्लच्या हातातल्या किल्ल्या परत खिशात गेल्या. मग हॉलिसने टोपी फळीवर आपटली. "दहा? अहो, अस्वलं मारायचीयत का?"

"अस्वलाला दहा पुरतं कुठे?" मर्ल ओरडला.

"तू अस्वल पाहिलंयस का कधी? सर्कशीत सोडून?" ड्वेन ओरडला.

"काहीतरीच काय आई!" हा कर्टिस होता. खोका त्याच्या हातातून गळून पडला होता. "दहाने तुझं मनगट जाईल. घ्यायचंच तर चाळीस घे. मी स्वतः वापरतो, मला विचार!"

"चाळीस?" तिघेही एका आवाजात म्हणाले आणि त्याच्याभोवती गोळा झाले. कर्टिस सगळ्यांत मोठ्याने ओरडत होता, म्हणून नडीनबाईंनी त्याला चुलीजवळच्या डुगडुगत्या खुर्चीवर बसवलं आणि हातात कॉबलरची बशी दिली. संध्याकाळी तो रिकामा ट्रक घेऊन टल्साला परत निघाला, तेव्हा गाडीत बसता बसता म्हणाला, "पुढच्या रविवारी येतो. तुम्हाला सगळ्यांना चाळीस दाखवल्याशिवाय कळणार नाही."

"ये," नडीनबाई म्हणाल्या. "येताना खुर्ची तुझी तू आण."

ही गोष्ट झाली ऑगस्टमधली. आता नोव्हेंबर संपत आला, थँक्सगिव्हिंगचा सण तोंडावर आला तरी अंगणात सहा ट्रक असतात आणि दहा मिलिमीटरचा निकाल लागलेला नाही. ते बत्तीस मात्र त्याच आठवड्यात नडीनबाईंनी ड्वेनच्या बायकोकडून गुपचूप घेतलं. आल्विनच्या लोखंडी पेटीत ते कुलूपबंद असतं आणि रोज सकाळी सात वाजायच्या आत त्या कुरणात जाऊन सहा डबे पाडून येतात.

"ड्वेनला सांगू नकोस हं," त्या म्हणाल्या होत्या.

"छे हो, बाई!" ड्वेनची बायको म्हणाली. "वीस वर्षांत पहिल्यांदा दुकानात शांतता आहे."